केअरर्स असेसमेंट : आधी नकार, मग होकार

इंग्लंडमध्ये घरच्या माणसाची विनामोबदला काळजी घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या गरजा तपासून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. 'केअर ॲक्ट २०१४'च्या कलम १० ने तो दिला आणि १ एप्रिल २०१५ पासून तो लागू आहे. काळजी घेणारा तो 'केअरर', म्हणून या तपासणीला तिथे 'केअरर्स असेसमेंट' म्हणतात. काळजी घेणाऱ्याचे उत्पन्न किती, बँकेत किती आहे, त्याची गरज मोठी की किरकोळ, यातले काहीही तपासणी नाकारायला कारण ठरत नाही. त्याला आधाराची गरज असू शकते एवढे दिसले की काउन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, ती करायलाच हवी.

तरीही तपासणी होऊन हाती एक माहितीपत्रक, यापलीकडे काही न मिळालेली घरे आहेत. असे का होते आणि तेच घर दुसऱ्यांदा गेले की निकाल का बदलतो, हे पुढच्या प्रकरणात पाहू. प्रकरण नमुन्यादाखल रचलेले आहे. त्यातले नियम, कलमे आणि सरकारी दर मात्र खरे आहेत. ते इंग्लंडपुरते लागू होतात. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत.

घर

लंडनच्या पश्चिमेकडचा एक बरो, म्हणजे स्वतःचे काउन्सिल असलेला शहराचा विभाग. सून ५३ वर्षांची, एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला. आधी आठवड्याला ३० तास करायची, आता २२. नवरा विमानतळावर मालवाहतूक विभागात, पाळीप्रमाणे. धाकटी मुलगी ए-लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या) वर्षाला. सासूबाई ८२ वर्षांच्या, मूळच्या सांगलीकडच्या, पंधरा वर्षांपूर्वी मुलाकडे आलेल्या, कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या.

सासूबाईंना व्हॅस्क्युलर डिमेन्शिया (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने होणारा स्मृतिभ्रंश) आहे आणि मधुमेहही. दिवसातून दोनदा इन्सुलिन सून देते. गेल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून वॉकर, आणि बाथरूम वरच्या मजल्यावर असल्यामुळे खाली पुढच्या खोलीत पलंग आणि कमोड. इंग्रजी थोडे शिकल्या होत्या, ते आजारात गेले; आता फक्त मराठी उरली आहे. संध्याकाळी पाचनंतर अस्वस्थपणा वाढतो. पिशवी भरतात, "सांगलीची गाडी चुकेल" म्हणून दाराशी जातात. रात्री दोन-तीनदा उठतात.

सुनेची पाठ दुखते, रक्तदाबाची गोळी वाढली आहे. हे तिने कुणाला सांगितलेले नाही, कारण कुणी विचारलेले नाही.

पहिली तपासणी

काउन्सिलला तिने फोन केला तो बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवून मिळावा म्हणून. बोलण्याच्या शेवटी पलीकडून विचारणा झाली : तुमचीही तपासणी करायची का? ती हो म्हणाली. पंधरा दिवसांनी संध्याकाळी साडेपाचला फोन आला. ती स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर, सासूबाई शेजारच्या खुर्चीत.

जमतंय का, असे विचारले तर उत्तर : "हो, चाललंय." झोप? "तशी होते." काही मदत हवी? "माझं काही नाही, आईंचं बघा." काळजी घेणे पुढे चालू ठेवायची तयारी आहे? "म्हणजे काय, घरचंच माणूस आहे." पंचवीस मिनिटांत फोन संपला. तीन आठवड्यांनी पत्र आले की पात्र ठरेल अशी गरज आढळली नाही. सोबत केअरर लोकांच्या चहापानाच्या गटाचा पत्ता, दर बुधवारी सकाळी अकरा वाजता. त्या वेळी ती शाळेत असते.

या निकालाला फक्त काउन्सिलला जबाबदार धरून भागणार नाही. लिहून घेणाऱ्याने जे ऐकले तेच लिहिले. सुनेला वाटले होते की आपण सासूची काळजी नीट घेतो की नाही, हे पाहिले जात आहे, म्हणून तिने घराची बाजू सावरून धरली. मराठी घरात बाहेरच्या माणसाने "कसं काय?" विचारल्यावर "बरं चाललंय" म्हणणे हा शिष्टाचार आहे. पण इथे त्याच दोन शब्दांची नोंद 'आधाराची गरज नाही' अशी होते.

दुसरी अडचण जागेची होती. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना कोणती सून म्हणेल की रात्रीचं करून मी आता थकले? काळजी घेणाऱ्याला वेगळे, खासगीत बोलता येते आणि ते मागून घ्यायचे असते. वेळही तीच, सासूबाई सर्वांत अस्वस्थ असण्याची. पत्रात रात्रीचा उल्लेखच नव्हता, कारण "तशी होते" यापुढे कुणी खोदून विचारले नाही.

कायदा नेमके काय विचारतो

पात्रतेचे निकष २०१५ च्या नियमावलीत आहेत आणि ते तीन पायऱ्यांचे आहेत. पहिली : गरज ही एखाद्या प्रौढाला *आवश्यक* काळजी देण्यामुळे निर्माण झालेली असावी. दुसरी : त्यामुळे काळजी घेणाऱ्याचे शारीरिक किंवा मानसिक आरोग्य ढासळत असावे वा ढासळण्याचा धोका असावा, *किंवा* ठरवून दिलेल्या आठ गोष्टींपैकी एखादी त्याला जमत नसावी. तिसरी : या सगळ्याचा त्याच्या स्वास्थ्यावर लक्षणीय परिणाम होत असावा किंवा होण्याची शक्यता असावी.

त्या आठ गोष्टी अशा : स्वतःच्या मुलांकडे पाहणे; आणखी कुणाची काळजी घेत असल्यास ती घेणे; आपले घर राहण्याजोगे ठेवणे; स्वतःचे खाणेपिणे सांभाळणे; कुटुंबातली आणि मैत्रीतली नाती जपणे; नोकरी, शिक्षण, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा; परिसरातल्या आवश्यक सोयींचा वापर; आणि विरंगुळा.

यातले दोन बारकावे निकाल फिरवतात. पहिला हा की काळजी घेणाऱ्याला या आठांपैकी *एक* गोष्ट अडली तरी पुरते. ज्याची काळजी घेतली जाते त्या व्यक्तीच्या तपासणीत मात्र तिच्या वेगळ्या यादीतल्या किमान दोन अडाव्या लागतात. दुसरा बारकावा 'जमत नाही' या शब्दांच्या व्याख्येत आहे. मदतीशिवाय होत नाही, तर ते जमत नाही. होते, पण करताना खूप वेदना, त्रास किंवा चिंता होते, तरीही ते जमत नाही. होते, पण आपल्या किंवा दुसऱ्याच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका होतो, तरीही तेच. म्हणजे सून रोज नोकरीवर जाते म्हणून तिला ती 'जमते' असे कायदा म्हणत नाही. ती खूप त्रास काढून होत असेल तर कायद्याच्या हिशेबी ती जमत नाही.

शिवाय तपासणीत हे पाहणे बंधनकारक आहे की ही व्यक्ती काळजी घेऊ शकते का आणि पुढे घेऊ शकेल का, आणि *तशी तिची इच्छा आहे का*. हा इच्छेचा प्रश्न मराठी घराला कानाला खटकतो. पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देण्याची गरज नसते. "दिवसाचं मी करीन. आंघोळ घालणं आता माझ्या पाठीला झेपत नाही. रात्रीचं आठवड्यातून चार दिवसांपेक्षा जास्त नको." एवढी स्पष्टता दिली की पुढचा आराखडा तिच्यावर उभा राहतो.

सासूबाईंच्या स्वतःच्या गरजांची तपासणी कलम ९ खाली वेगळी होते. त्यात सून आत्ता जे करते ते वजा करायचे नसते. सून नसतीच तर त्यांना काय लागले असते, याची नोंद आधी व्हायची, सून काय भरून काढायला तयार आहे हे त्यानंतर. "घरात सून आहे, ती इन्सुलिन देते, म्हणून ती गरज नाही" असे लिहिलेले आढळले तर हरकत घ्यावी. दोन्ही तपासण्या दोघींच्या संमतीने एकत्र करता येतात. सासूबाईंनी स्वतःची तपासणी नाकारली तरी सुनेचा हक्क जात नाही. नवराही काळजी घेत असेल तर त्याचा हक्क स्वतंत्र आहे.

दुसऱ्यांदा मागताना

तिने लेखी ईमेल केला. मजकूर पाच-सहा ओळींचा : माझी परिस्थिती पहिल्या वेळी पूर्ण सांगितली गेली नाही, केअर ॲक्टच्या कलम १० खाली नवी तपासणी हवी, ती प्रत्यक्ष भेटून आणि सासूबाईंच्या समोर नको, प्रश्नांची यादी आधी पाठवा, मराठी दुभाषा लागेल. काउन्सिल कोणते हा घोळ इथे नव्हता, पण अनेकदा होतो. अर्ज काळजी घेतली जाते त्या व्यक्तीच्या राहत्या भागातल्या काउन्सिलकडे जातो. काळजी घेणारी मुलगी दुसऱ्या शहरात राहत असली तरी तिने आईच्या काउन्सिलकडेच मागायचे. काही काउन्सिले हे काम स्थानिक केअरर संस्थेवर सोपवतात; तपासणी तिथे झाली तरी तिचे वजन कायद्याच्या दृष्टीने तेवढेच.

दुभाष्याबद्दल आग्रह असावा. सुनेला ऑफिसचे इंग्रजी उत्तम येते, पण शी-शूचे, रात्री दार धरून उभे राहण्याचे, मुलीवर ओरडल्याच्या अपराधीपणाचे बोलणे त्या इंग्रजीत होत नाही. आणि मुलीला दुभाषा करू नये, कारण तिच्यासमोर अर्धे सांगितलेच जाणार नाही.

मग चौदा दिवसांची नोंदवही. यासाठी विशेष फॉर्म लागत नाही. वहीच्या पानावर चार रकाने : वेळ, काय केले, किती मिनिटे, त्यामुळे माझे काय राहिले. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक मोकळा सोडतात. तिच्या वहीतल्या एका रात्रीच्या नोंदी अशा होत्या :

१.४० : कमोड, पॅड आणि चादर बदलली. ३५ मिनिटे. परत झोप लागली नाही.
४.१० : दाराशी गेल्या, समजावून आणले. ५० मिनिटे. पहाटे पाच ते सहा झोपले.
सकाळी ७.१५ : इन्सुलिन, नाश्ता, कपडे. ७० मिनिटे. स्वतः चहावर बाहेर पडले, शाळेत १५ मिनिटे उशीर, या महिन्यात चौथ्यांदा.

चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहावे. तपासणाऱ्याने चढउतार विचारात घेणे नियमाने अपेक्षित आहे, पण वाईट दिवस कागदावर नसेल तर तो विचारात येणार कसा?

सोबतची कागदपत्रे मोजकी : जीपीच्या (नेहमीच्या डॉक्टरच्या) नोंदीतली रक्तदाब आणि पाठीची पाने, शाळेने उशिराबद्दल पाठवलेली ईमेल, आठ गोष्टींपैकी ज्या अडल्या त्यांच्यासमोर एकेक खरे उदाहरण. जीपीकडे 'केअरर' म्हणून नाव नोंदवणे तिने याच वेळी केले. त्यावर फ्लूची मोफत लसही मिळते.

भेट, निकाल आणि आराखडा

भेट केअरर केंद्रात झाली, सकाळी, जवळजवळ पावणेदोन तास. त्या वेळी सासूबाईंजवळ नवरा होता. या खेपेला निकाल पात्रतेचा आला. आरोग्य, नोकरी, मुलीकडे लक्ष आणि विरंगुळा अशी चार कारणे लिहून आली. तपासणीची लेखी प्रत देणे काउन्सिलवर बंधनकारक असते, आणि निकाल नकाराचा असेल तर त्याची लेखी कारणेही. प्रत आली की लगेच वाचावी आणि चुकीचे लिहिलेले लेखी दुरुस्त करून मागावे. पुढचे सगळे त्या कागदावर ठरते.

आराखड्यात आलेल्या बहुतेक गोष्टी कायद्याच्या नजरेत *सासूबाईंना* दिलेल्या सेवा होत्या. काळजी घेणाऱ्याला मोकळीक द्यायची तर ती दुसऱ्या कुणीतरी काळजी घेऊनच देता येते, आणि त्या सेवेचे शुल्क, लागलेच तर, सासूबाईंच्या उत्पन्न-बचतीवरून ठरते, सुनेच्या नव्हे. हे माहीत नसल्याने अनेकजण "आमच्या पगारावर काही मिळणार नाही" म्हणून अर्जच करत नाहीत.

आठवड्यातून दोन दिवस आशियाई ज्येष्ठांचे डे सेंटर ठरले. मराठी बोलणारे तिथे कुणी नव्हते, पण शाकाहारी जेवण आणि हिंदी होते. सुरुवातीला सासूबाई रडल्या. पहिले काही दिवस दोनच तास, मग अख्खा दिवस असे केल्यावर रुळल्या. घरी येणाऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या एजन्सीच्या बाईचा प्रयोग मात्र फसला : भाषा कळेना म्हणून सासूबाई अंगाला हात लावू देईनात. त्याऐवजी डायरेक्ट पेमेंट (सेवेऐवजी काउन्सिल देते ते पैसे) घेऊन जवळच राहणारी एक मराठी बाई आंघोळीसाठी ठेवली. सासूबाईंना स्वतः निर्णय घेण्याची क्षमता नसल्याने पेमेंट सांभाळायला मुलाला 'अधिकृत व्यक्ती' म्हणून मान्यता घ्यावी लागली. अशा पैशांतून त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला पगार सहसा देता येत नाही, बाहेरच्या ओळखीच्या माणसाला देता येतो. पण माणूस ठेवला की आपण मालक होतो : विमा, पगारपत्रक, रजा, सगळे आले. पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या पेरोल संस्थेचे नाव काउन्सिल बहुधा देते. ते मागून घ्यावे.

रात्रीसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजच्या हालचाली सोप्या करणाऱ्या तज्ज्ञाने) पलंगाशेजारी पाय पडताच वाजणारी चटई दिली, त्यामुळे सून कानोसा घेत जागी राहण्याऐवजी झोपू लागली. अशी साधने आणि प्रत्येकी १,००० पौंडांपर्यंतचे घरातले किरकोळ बदल विनाशुल्क मिळतात. बाथरूमचा दांडाही त्यातच बसला. उचलण्या-बसवण्याचे प्रशिक्षण मिळाले. सुनेच्या नावावर एकरकमी छोटे पेमेंट आले, ते तिने पाठीसाठी जलतरणाच्या सभासदत्वाला वापरले. आणि आणीबाणीचा आराखडा : सून अचानक आजारी पडली तर पहिल्या ७२ तासांत कोण येणार, इन्सुलिनचे वेळापत्रक कुठे आहे, किल्ली कुणाकडे. हे पान शेजाऱ्यांना आणि जीपीलाही दिले.

भाचीच्या लग्नाला दोन आठवडे सांगलीला जायचे हे तिने भेटीत सांगितले होते. सांगितले म्हणूनच ते 'अपेक्षित परिणाम' म्हणून लिहिले गेले आणि त्या काळात सासूबाईंच्या तात्पुरत्या मुक्कामाची सोय आराखड्यात आली.

पैशाचा हिशेब

सासूबाईंच्या बचतीची मर्यादा मोजताना पहिला घोटाळा झाला. मुलाबरोबरच्या संयुक्त खात्यात २५,२०० पौंड होते आणि काउन्सिलने सगळे सासूबाईंचे धरले. २३,२५० पौंडांच्या वर गेले की पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो. संयुक्त खाते, वेगळा पुरावा नसेल तर, समान वाटून धरायचे असते. म्हणजे त्यांचे १२,६००. ते १४,२५० च्या खाली असल्याने बचतीवरून काहीच धरायला नको. एका पत्राने हे दुरुस्त झाले. या दोन मर्यादांच्या मध्ये बचत असेल तर दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात.

गावाकडचा वाडा किंवा जमीनही भांडवलात मोजली जाते. ती लपवू नये. वाटण्या न झालेल्या घरातला हिस्सा असेल तर तो विकायला निघाल्यास खरोखर किती किंमत येईल, हा मुद्दा कागदपत्रांसह मांडावा. पॅड, जादा धुलाई, मधुमेहाचे खाणे असे आजारामुळे होणारे खर्चही पावत्यांसह दाखवावे. ते शुल्क ठरवताना वजा करून मागता येतात.

सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्सचा (मदत लागणाऱ्या वृद्धांसाठीच्या सरकारी भत्त्याचा) वरचा दर मिळू लागला, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ११०.४० पौंड. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा मदत लागते हे नोंदवहीमुळेच सिद्ध झाले. सुनेला केअरर्स अलाउन्स हा काळजी घेणाऱ्याचा भत्ता (त्याच वर्षी ८३.३० पौंड) मिळाला नाही, कारण करवजा कमाई आठवड्याला १९६ पौंड या त्या वर्षीच्या मर्यादेच्या वर होती. ही मर्यादा एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याची पूर्ण रक्कम जाते आणि नंतर वसुली निघते. कमाई मर्यादेच्या आसपास असणाऱ्यांनी जादा तास घेण्यापूर्वी हिशेब करावा.

व्हिसावर 'सार्वजनिक निधी नाही', म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, अशी अट असेल तर सल्ला घेतल्याशिवाय हे दोन्ही भत्ते मागू नयेत. मागणे व्हिसाच्या अटीचा भंग ठरू शकते. केअरर्स असेसमेंट मात्र सार्वजनिक निधीच्या यादीत नाही. अशा घरांनी आधी इमिग्रेशन सल्लागाराशी बोलावे, पण तपासणी आपल्यासाठी नाहीच असे समजू नये.

उशीर आणि तक्रार

तपासणी किती दिवसांत व्हावी याची ठरावीक मुदत कायद्यात नाही. वाजवी वेळेत व्हावी एवढेच. म्हणून विनंती लेखी असावी आणि दर दोन-तीन आठवड्यांनी विचारणा व्हावी. "पाठ इतकी गेली आहे की या महिन्यात मला काळजी थांबवावी लागेल" असे खरे असेल तर त्याच शब्दांत लिहावे, कारण काळजीची व्यवस्था कोसळण्याचा धोका दिसला की प्रकरण पुढे सरकते. समाधान झाले नाही तर काउन्सिलकडे रीतसर तक्रार, घटनेपासून १२ महिन्यांच्या आत. आणि तिचे उत्तर पटले नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणारा स्वतंत्र अधिकारी. हे विनामूल्य आहे. केअरर्स यूके आणि एज यूके या संस्था सल्ला देतात.

नोकरीच्या बाजूने सुनेने आणखी एक गोष्ट केली. ६ एप्रिल २०२४ पासून काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा मिळते आणि ती अर्ध्या-अर्ध्या दिवसांनीही घेता येते. सासूबाईंच्या रुग्णालयाच्या तारखा तिने त्यात बसवल्या.

आराखड्याचा आढावा वर्षातून एकदा व्हायला हवा, पण परिस्थिती बदलली तर त्याआधीही मागता येतो. या घरात तो आठ महिन्यांनी मागितला गेला, सासूबाई न्यूमोनियाने रुग्णालयात असताना. घरी पाठवण्याची तयारी सुरू होताच सुनेने वॉर्डमध्ये सांगितले की चालणे आणखी कमी झाले आहे आणि आधीच्या आराखड्यातली एक माणसाची आंघोळ आता दोघांशिवाय होणार नाही. घरी सोडण्याच्या नियोजनात काळजी घेणाऱ्याला सामील करून घेणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. तिने हे डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नव्हे, दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी लेखी दिले, म्हणून घरी येतानाच दुसरी बाई आणि नवा पलंग ठरलेला होता.